पायलची मूठ

हर्षाली : आई, यंदा पायलची मूठ धरू नका.

कुसाबाई : काय म्हणली?

हर्षाली : तिच्या नावाचे गहू घेऊ नका. संतोषदादा, उज्वलावहिनी, त्यांचा रवी, रोहित, मी आणि तुम्ही. सहा जणांचेच घ्या.

कुसाबाई : अगं, पण सात माणसं ना आपण. नात काय मोजायची नाही का मी?

हर्षाली : सातच आहोत. पण मूठ धरली की तिच्या वाटणीचा रोट होणार. आणि कानबाईच्या नैवेद्याचा रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, ज्याचा त्यानं खायचा, हे लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तुम्हीच मला शिकवलंत. रोट असतो गव्हाचा. तिला गहू बंद आहे. मग रविवारी सणाला सगळ्यांसमोर ‘ती खाणार नाही’ म्हणून मी वाद घालत बसू का? त्यापेक्षा मूठच नको.

कुसाबाई : आपल्या घरात मूठ कुणाची थांबते ते ठावं शे ना तुला? तुझ्या सासऱ्यांची थांबली. ते गेले त्या साली मी अशीच परात पुढ्यात घेऊन बसले. पयली मूठ त्यांची असायची. हात सवयीनं गव्हात गेला, मूठ भरली, आणि मग आठवलं. ती मूठ परत सोडायला होईना. उज्वलानं एकेक बोट उघडलं माझं. तेव्हापासून जित्या माणसाची मूठ मी कधी चुकवली नाही. रवी होस्टेलला व्हता, परीक्षा व्हती, आला नाही. त्याची धरली, रोट डब्यात घालून संतोषच्या हाती पोचवला. आणि ही तर भिंतीपलीकडं बसली शे. तिची नको म्हणती.

हर्षाली : मला तसं म्हणायचं नव्हतं, आई.

कुसाबाई : नव्हतं, मला कळतं. पण मला लागलं ते लागलं. बाकीच्या घरांत नुसती गड्यांची मूठ धरतात, बायापोरींना कोण विचारतं. पायल झाली त्या साली मीच म्हटलं, आपल्यात हिची बी धरायची. चुलतसासू नवसाबाई फुगून बसली. म्हणे, कुसा, तू नवी रीत काढती. मी म्हटलं, काढती. मंग पोरीची धरली तर उज्वलाची का नाही, तुझी का नाही, म्हणून आपल्या सगळ्यांची आली. हिच्यामुळं आपण मोजल्या गेलो या परातीत, आणि आता हीच नाही.

हर्षाली : मग मी काय करू, तुम्हीच सांगा.

कुसाबाई : इचार कर. घाई नाही. दळायला गहू उद्या द्यायचे. यंदा कानबाई सटाणा सोडून नाशकात बसती ती कुणापायी? या पोरीला मोटारीत गर्दी सोसत नाही म्हणून. मे महिन्यात तुम्ही येत व्हता, इथंच नाशकात द्वारकेच्या चौकात गाडी अडकली, हॉर्न वाजले, आणि ती कानावर हात दाबून सटाण्यापोहोत तशीच आली. खाली उतरली तरी हात काढेना. मी तेव्हाच ठरवलं, पोर देवीकडं येऊ शकत नाही, तर देवी पोरीकडं जाईल. संतोष कुरकुरला. मी म्हटलं, तुझी आई अजून जिती शे.

हर्षाली : त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे ते मला बोलून दाखवता येत नाही. पण गहू नाही, आई. एक घासही नाही. एक घास गेला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

कुसाबाई : कोण म्हणतं असं? डॉक्टर?

हर्षाली : डॉक्टर नाही. आमचा आईबाबांचा ग्रुप आहे ना फोनवर, त्यातल्या मोहिनीताई. त्यांचा मुलगा असाच होता. बोलायचा नाही, नजर द्यायचा नाही, पंख्याकडे बघत बसायचा. त्यांनी गहू बंद केला, दूध बंद केलं, दुधाचं सगळं बंद केलं. दहाव्या महिन्यात तो बोलायला लागला. आता शाळेत कविता म्हणतो. त्यांनी व्हिडिओ टाकला होता. मी तो किती वेळा बघितलाय ते विचारू नका.

कुसाबाई : आणि आपला कितवा महिना?

हर्षाली : आठवा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. तुम्हाला वाटतं मी तिला उपाशी ठेवते. पहाटे उठून नागलीची भाकरी करते, तांदळाचं धिरडं करते. कुणाच्या घरी जात नाही, कुणाला घरी बोलवत नाही. वाढदिवसाला शेंगदाण्याच्या लाडवावर मेणबत्ती लावली. दोनच महिने राहिलेत, आई. दोन महिन्यांसाठी कशाला मोडायचं?

कुसाबाई : रवीनं बिस्कीट दिलं तेव्हा तू तिच्या तोंडात बोट घालून काढलं. रवी केवढा घोडा झालाय, पण त्या दिवशी गोठ्यामागं जाऊन रडला. मला म्हणे, आजी, काकूनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी पोरीला इख दिलं.

हर्षाली : मला माहीत नव्हतं तो रडला ते.

कुसाबाई : त्यानं सांगितलंच नाही कुणाला, तू कशाला मनाला लावून घेती. बरं, त्या ताईचं ऐकलं. आता डॉक्टर काय म्हणाले ते सांग. रोहितनं मला फोनवर सांगितलं शे, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं शे.

हर्षाली : रोहितला काही पोटात ठेवता येत नाही.

कुसाबाई : आईला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं त्यानं.

हर्षाली : ते म्हणाले, सगळ्या तपासण्या बघितल्या. गव्हानं किंवा दुधानं तिला काही त्रास होतो असं कुठेच दिसत नाही. वजन मात्र संक्रांतीला होतं त्यापेक्षा अर्धा किलो कमी झालंय, आणि या वयात ते चांगलं नाही. खाणं बदलून बोलणं येईल असा भरवसा मी देऊ शकत नाही म्हणाले. बोलण्याचा क्लास चालू ठेवा, आणि दूध-पोळी पुन्हा सुरू करा. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू या का? तर म्हणाले, तुम्ही थांबू शकता, तिचं वाढणं थांबू शकत नाही. इतकं हळू बोलले की मला धड चिडताही आलं नाही.

कुसाबाई : आणि तरी तू दोन महिने मागती.

हर्षाली : तिच्याकडे अकरा शब्द होते, आई. दोन वर्षांची झाली तेव्हा. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलेत मी, ते कॅलेंडर अजून टाकलेलं नाही. चिऊ, गाई, बूट, पाणी, गेला, दिवा…

कुसाबाई : कुकर.

हर्षाली : हो, कुकर.

कुसाबाई : कुकर म्हणता येत व्हतं, आजी नाही. मी तुझ्या सासऱ्यांना म्हटलं बी व्हतं, शिट्ट्या मारल्या तर मला बी हाक मारंल ही.

हर्षाली : मग एकेक करून गेले. आज बूट नाही, उद्या दिवा नाही. मला वाटायचं विसरली असेल, परत येईल. शेवटी ‘बास’ राहिला होता. एक दिवस ताट सारून बास म्हणाली, आणि त्यानंतर बासच. अडीच वर्षं झाली आता. मला रस्त्यात कुणाचंही पोर आईला हाक मारताना ऐकू आलं ना, तरी मी वळून बघते. मला माहीत असतं ती नाही. तरी वळते.

कुसाबाई : मी काय करते ठावं शे? तू संध्याकाळी फोन तिच्या कानाशी धरती ना, मी इकडून आपली बडबडत राहते. कांद्याला काय भाव आला, मांजरीला किती पिल्लं झाली, काय वाटंल ते. तिकडून नुसता श्वास ऐकू येतो. तुम्ही फोन ठेवला तरी मी थोडा वेळ कानाला लावूनच बसते. तो श्वास बी मला पुरतो. पण खोटं कशाला बोलू, पुरत नाही.

हर्षाली : म्हणूनच म्हणते ना, दोन महिने.

कुसाबाई : पण ती बोलली व्हती ना मंग? मार्चात. तू फोन केला, रडत व्हती, म्हणे आई, पायल बोलली, ‘उघड’ म्हणाली. मी हातातलं टाकून वणीला गेले, देवीची ओटी भरली. पायऱ्या चढताना गुडघे लागले नाहीत मला त्या दिवशी. सटाण्यात आल्यावर गल्लीभर पेढे वाटले. त्याच्यानंतर पुन्हा नाही बोलली?

हर्षाली : नाही.

कुसाबाई : एकदा बी?

हर्षाली : नाही, आई.

कुसाबाई : हं. एक विचारू? रागवायचं नाही. तिचं दूध तुम्ही तोडलं संक्रांतीला. मी फेब्रुवारीत आले व्हते तेव्हा चहा दुधाचा व्हता. आता आले तर कोरा. रोहित म्हणतो, पोरीच्या नजरेला दूध पडू नये म्हणून घरातच आणत नाही, मार्चापासून. मंग संक्रांतीपासून मार्चापोहोत नजरेला पडत व्हतं ते कसं चाललं?

हर्षाली : तुम्हाला कोरा चहा चालत नसेल तर मी खालून—

कुसाबाई : चहाचं नाही विचारलं मी. इतकी बी भोळी नाही, पोरी. तू चहाचं का सांगती?

हर्षाली : मी खोटं नाही बोलले, आई. ती ‘उघड’ म्हणाली. स्पष्ट म्हणाली. पण कशासमोर उभी राहून म्हणाली, ते मी कुणाला सांगितलं नाही. रोहितलाही नाही.

कुसाबाई : सांग.

हर्षाली : सकाळची वेळ होती. रोहित ऑफिसला गेला होता, मी भांडी घासत होते. ती फ्रीजपाशी गेली. दाराला चाप लावलेला होता, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून असतो तो. तिनं ओढून बघितलं, नाही उघडलं. मग वळली आणि माझ्याकडे बघितलं. आई, ती कधी बघते का कुणाच्या डोळ्यांत? बघितलं. आणि म्हणाली, उघड.

कुसाबाई : मंग?

हर्षाली : आत रोहितच्या चहाचं अर्धा लिटर दूध होतं. पिशवी फोडून पातेल्यात ठेवलेलं.

कुसाबाई : मंग?

हर्षाली : मी नाही उघडलं.

कुसाबाई : का?

हर्षाली : मला वाटलं, गुण आला. दूध तोडलं म्हणून शब्द आला, आता दूध दिलं तर शब्द जाईल. मी टाळ्या वाजवल्या. ओल्या हातांनी उचललं तिला, पापे घेतले. रोहितला फोन, तुम्हाला फोन, ग्रुपवर मेसेज. मोहिनीताईंनी फुलं पाठवली फोनवर. आणि ती सगळा वेळ माझ्या खांद्यावरून फ्रीजकडेच बघत होती. मी तिला तसंच उचलून गॅलरीत नेलं. दोन वर्षांनी एक शब्द बोलली माझी पोर, आणि त्या शब्दाचं तिला काय मिळालं? टाळ्या.

कुसाबाई : माय माय.

हर्षाली : दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिली. बोलली नाही, वळलीही नाही. नुसती उभी. त्याच्या पुढच्या दिवशी गेलीच नाही. त्या संध्याकाळी मी रोहितला म्हटलं, उद्यापासून घरात दूध आणायचं नाही. तिच्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं. परत तिनं मागितलं, तर मला परत नाही म्हणावं लागू नये म्हणून.

कुसाबाई : म्हणजे आता मागायलाच काही ठेवलं नाही घरात.

हर्षाली : असं बोलू नका ना.

कुसाबाई : बोलले. चुकलं असंल तर सांग.

हर्षाली : चुकलं नाही. तुम्हाला कळतंय का, मी थांबवत का नाही ते? आज थांबवलं, तर ते दार मी उगाच बंद ठेवलं असं होईल. उगाचच. दहाव्या महिन्यात ती बोलली, तर मला म्हणता येईल की बरोबर केलं मी, त्या दिवशी मन घट्ट केलं म्हणून आज बोलतेय. मला ते दोन महिने तिच्यासाठी नकोयत. मला माझ्यासाठी हवेत. वजन तिचं कमी होतंय आणि महिने मी मोजतेय. ही कसली आई?

कुसाबाई : तिथं मी असते तर मी बी टाळ्याच वाजवल्या असत्या.

हर्षाली : तुम्ही दूध दिलं असतं.

कुसाबाई : नसतं दिलं. तुझ्या धाकानं नसतं दिलं, आणि मंग तुलाच शिव्या दिल्या असत्या. माझं मला ठावं शे. अगं, पोर दूध मागत व्हती, आणि मी गल्लीभर पेढे वाटत व्हते. पेढे. दुधाचे.

हर्षाली : हसू नका, आई.

कुसाबाई : हसत नाही मी. डोळे बघ माझे, हसती का मी? ये, इकडं सरक. नाक पूस. परातीत पाणी पडलं तर दळण चिकटंल.

(पायल दारातून येते, दोघींच्या मधे बसते आणि परातीतल्या गव्हात दोन्ही हात घालते.)

हर्षाली : पायल, नको. आजीनं मोजून ठेवलेत ते—

कुसाबाई : राहू दे. खात थोडीच शे. काय व माय, गार लागतं ना? तुले बरं वाटतं ना हात घालायला? घाल. घाल अजून.

हर्षाली : ढीग वेगवेगळे होते ना, एकेकाचे?

कुसाबाई : व्हते. संतोषचा, उज्वलाचा, रवीचा. आता सगळे एक केले हिनं. कुणाची मूठ कुठली ते कानबाईलाच इचारा. बघ, सांडती कशी बोटांतून. असं हळूहळू सोडती, आणि ऐकती बघ कशी.

हर्षाली : तांदळाशी पण असंच करते ती. तासभर.

कुसाबाई : रोटाचं तू मनावर घेऊ नको. तिचा मी खाईन, माझ्या वाटणीचा रोहित खाईल, घरातच राहील. देवीला मी सांगते काय सांगायचं ते. तिच्या-माझ्यात लय वर्षांचं बोलणं शे.

हर्षाली : आणि दुधाचं?

कुसाबाई : त्याचं मी काही म्हणणार नाही. आई तू शे.

हर्षाली : तुम्ही म्हणा काहीतरी. प्रत्येक वेळी म्हणता, आज का गप्प बसता?

कुसाबाई : आज तू सगळं बोलली, म्हणून.

हर्षाली : रोहितला फोन लावते. नाही, थांबा, त्याला फोनवर सांगता नाही येणार मला. घरी आल्यावर सांगेन, त्या दाराचंही सांगेन. आत्ता नुसतं आणायला सांगते… हॅलो. हो, ठीक आहे सगळं. आई गहू मोजतायत. ऐक ना, येताना अर्धा लिटर दूध आण. गाईचं. नाही, चहाला नाही. नाही, रोटालाही नाही. अरे, आण तू. आल्यावर सांगते. रडत नाहीये मी. आण.

कुसाबाई : काय म्हणाला?

हर्षाली : म्हणाला, एक लिटर आणू का.

कुसाबाई : पोराला माझ्या बोलता येत नाही, पण येतं कधीकधी.

हर्षाली : फ्रीजमध्ये ठेवते, आई. तो चाप काढून टाकते. आणि वाट बघते. ती ‘उघड’ म्हणाली की त्याच क्षणी पेला भरते.

कुसाबाई : आणि नाही म्हणाली तर?

हर्षाली : म्हणेल. मागितल्यावर मिळतं हे कळलं की म्हणेल. क्लासमध्ये पण तसंच सांगतात.

कुसाबाई : ते क्लासमधलं क्लासमध्ये. अर्धा किलो कमी झालेल्या पोरीला शब्दावर अडवू नको. नुसती जाऊन उभी राहिली तरी दे. नुसतं तिकडं पाहिलं तरी दे.

हर्षाली : आणि मग ती कधीच बोलली नाही तर?

कुसाबाई : तर नाही बोलली, माय. दूध प्यायली की तिला पांढरी मिशी यायची, आणि ती पुसायला माझ्या पदरात तोंड खुपसायची. लय दिवस झाले त्याला.